खर्ज आणि चौथा नियम

बसस्थानकात त्याला कोणी नावाने ओळखत नसे. तोंडावर सगळे काका म्हणत आणि पाठ वळली की खर्ज. खर्ज म्हणजे गवयांचा तो सर्वांत खालचा, पोटातून काढलेला सूर. फलाट क्रमांक तीनवर गाडी लागत आहे, एवढे साधे वाक्यसुद्धा हा माणूस असे उच्चारायचा, की ऐकणाऱ्याला वाटावे, गाडी नव्हे, साक्षात प्रलय लागतो आहे.

वय छप्पन्न. त्यातली एकतीस वर्षे निवेदकाच्या काचेच्या खोलीत गेलेली. मुळात तो पार्सलच्या खिडकीवरचा कारकून. एक दिवस नेहमीच्या निवेदकाची दाढ सुजली आणि याला माइकसमोर बसवले. संध्याकाळी एक बाई खिडकीशी येऊन म्हणाली, आज कोण बोलत होतं, छान वाटलं ऐकायला. त्या बाईने एका वाक्यात एक धडधाकट कारकून कामातून घालवला. तेव्हापासून तो कोणाशी बोलला असा नाहीच. तो निवेदन करायचा. चहा मागायचा तो निवेदन केल्यासारखा. बायकोशी फोनवर भांडायचा तेही शेवटचा शब्द लांबवत, मध्ये योग्य त्या जागी थांबत. बायको अशाच एखाद्या जागी फोन ठेवून द्यायची. त्याला ते दोन-तीन मिनिटांनी कळायचे.

निवेदकाची खोली स्थानकाच्या दुसऱ्या मजल्यावर होती, आठ फूट बाय सहा फूट. समोर सरकत्या तावदानाची एकच खिडकी आणि तिच्या कडांना फाटक्या सीटमधला फोम बोटाने कोंबलेला. टेबलावर माइक, माइकच्या बुडाशी अंगठ्याने ढकलायचे बटण, शेजारी घंटीचे बटण. ते दाबले की सगळ्या स्थानकात टिंग-टाँग व्हायचे. माइक चालू आहे की बंद हे दाखवणारा दिवा कधीकाळी होता, तो गेला तो गेलाच. बाहेरच्या कर्ण्यातून आपला आवाज आला की चालू, नाही आला की बंद, असा हिशेब. खोलीत खुर्च्या दोन. एक खर्जाची, गादीची. दुसरी लाकडी, ती हरवले-सापडले बाईंची.

या बाईंना हे नाव कामावरून पडले होते. गाड्यांच्या वेळा नोंदवहीत लिहायच्या, खर्ज जेवायला गेला की दुपारच्या गाड्या पुकारायच्या, आणि छत्र्या, पिशव्या, चष्मे, एकदा तर कवळी, असे जे काही स्थानकात सापडेल त्याची घोषणा करून ते मागच्या कोठीत चिठ्ठी लावून ठेवायचे. असल्या घोषणा खर्ज स्वतः करत नसे. "छत्रीला आवाजाची काय गरज?" असे त्याचे म्हणणे. बाई पदवीधर होत्या, चौतिशीच्या. नवरा मालवाहू बोटीवर, वर्षातले आठ महिने पाण्यात. घरी सासूबाई आणि सात वर्षांची मुलगी. मुलीला घरात सगळे टिकली म्हणत, कारण जन्मली तेव्हा तेवढीशीच होती. दोन महिने आधी आली आणि कच्ची फुप्फुसे घेऊन आली. साध्या सर्दीने तिच्या फासळ्या आत-बाहेर दिसू लागायच्या. दोनदा दवाखान्यात नळ्या लावून ठेवले होते. बाईंना झोपेतसुद्धा तिचा श्वास मोजायची सवय लागली होती; मिनिटाला किती, हे त्यांना घड्याळ न बघता सांगता यायचे.

आणि मग ती साथ आली, श्वासातून पसरणारी.

पहिल्या आठवड्यात आरोग्य खात्याकडून स्थानकावर एक कागद आला. सहा नियम, साध्या भाषेत, दर अर्ध्या तासाने वाचून दाखवावेत अशी सूचना. मास्कने नाक आणि तोंड दोन्ही झाका. अंतर ठेवा. हात साबणाने धुवा. बंद खोलीत एकत्र बसू नका, बसावेच लागले तर खिडक्या सतत उघड्या ठेवा. खोकताना तोंड कोपरात धरा. ताप, खोकला असेल तर घरीच थांबा.

खर्जाने कागद वाचला आणि नाक मुरडले. मग पेन काढले. दोन तास मान खाली घालून बसला आणि वर बघितले ते कवी होऊनच.

"ऐक, बाळ," तो म्हणाला. बाईंना तो बाळ म्हणायचा. "नाक झाका, तोंड झाका, चार हातांचं अंतर राखा. साबण लावा, हात धुवा, खोकताना कोपर धरा. ताप असो वा खोकला, घरीच माणूस शोभला."

"छान आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी बोटांवर मोजले. "काका, पण हे पाचच झाले. चौथा राहिला. खिडकीचा."

"खिडकीला यमक सापडत नाही."

"फिरकी आहे की. गिरकी आहे."

"लोकांना जीव वाचवायचाय, फुगडी नाही घालायची," खर्ज म्हणाला. "शिवाय तो नियम रटाळ आहे. एका दमात म्हणताच येत नाही. लोक पहिल्या तीन-चार शब्दांतच ऐकायचं सोडून देतील."

बाईंनी बंद तावदानाकडे बघितले. मग मास्क न घातलेल्या खर्जाकडे बघितले. मास्क त्याच्या खिशात होता. माइकसमोर तो घालत नसे, आवाज दबतो म्हणून. आणि माइकसमोर तो सकाळी सातपासून असायचा.

"मग आपली खिडकी तरी उघडू या का? आपणही दोघं बंद खोलीतच आहोत."

खर्जाने तावदान वीतभर सरकवले आणि माइकचे बटण ढकलले. सगळ्या स्थानकात कानठळ्या बसवणारी शिट्टी घुमली. खाली एका म्हातारबुवांच्या हातातला चहा सांडला. खर्जाने तावदान लावले, फोम परत कोंबला आणि समाधानाने खुर्चीत टेकला.

"बघितलंस? कर्ण्याचा आवाज आत येतो, माइकमधून परत बाहेर जातो. शास्त्र आहे. इतकी वर्षं उगाच नाही बंद ठेवलेली."

शास्त्रापुढे बाईंचे काही चालले नाही. एकावर एक दोन मास्क लावायचे, खुर्ची दाराला टेकवायची आणि घरी गेले की आधी अंघोळ, मग टिकली, एवढेच त्यांच्या हातात होते.

खर्जाचे पद्य मात्र गाजले. महिन्याभरात ते सगळ्यांच्या तोंडी बसले. दोरीवरच्या उड्या मारताना मुली ते म्हणू लागल्या. फळवाला त्या चालीवर संत्री विकू लागला. आणि आचरणाचे म्हणाल तर ते असे होते, की खिडकीतून बघताना बाईंना हसावे की रडावे कळेना. मास्क सगळ्यांना होते. कोणाच्या हनुवटीवर, कोणाच्या मनगटावर, कोणाच्या कपाळावर. शिंक आली की लोक मास्क खाली ओढून शिंकायचे, मास्क खराब होऊ नये म्हणून. कंडक्टर तिकीट फाडायला जिभेवर अंगठा टेकवायचा, त्यासाठी मास्क खाली घ्यायचा आणि मग त्याच अंगठ्याने वर करायचा. हात धुवायच्या नळापाशी साबण दोरीने बांधून ठेवला होता. तिसऱ्या दिवशी नुसती दोरी राहिली आणि ती महिनाभर निष्ठेने लोंबत होती.

अशात आरोग्य खात्याची एक मुलगी पाहणी करायला आली. लोकांना नियम किती माहीत आहेत हे तपासायचे होते. बाई खाली गेल्या होत्या, तेव्हा ती फळवाल्याला विचारत होती.

"काका, साथीपासून वाचायचे नियम माहीत आहेत?"

"नाक झाका, तोंड झाका," फळवाल्याने उघड्या नाकाने सुरुवात केली आणि शेवटपर्यंत न अडखळता म्हणून दाखवले. म्हणता म्हणता बोटाला थुंकी लावून त्याने प्लास्टिकची पिशवी उघडली आणि तिच्यात संत्री भरली.

"आणि तुम्ही हे करता?"

"म्हणजे काय? पाठ आहे ना."

"नाही, पण करता का?"

फळवाला जरा दुखावला. "ताई, आम्ही अडाणी वाटलो काय? परत म्हणू?"

मुलीने बरोबरची खूण केली. तिच्या फॉर्मवर माहीत आहे आणि माहीत नाही असे दोनच चौकोन होते, तिचा तरी काय दोष. निकाल लागला तेव्हा या स्थानकातली जागृती शंभरात अठ्ठ्याण्णव निघाली. उरलेले दोन बहिरे असावेत. आरोग्य खाते हरखून गेले. येत्या शुक्रवारी दुपारी एक वाजता मोठे अधिकारी स्वतः येऊन निवेदकाचा सत्कार करतील, असे पत्र आले.

पत्र आले शनिवारी. खर्ज खोकला सोमवारी.

पहिला खोकला बारीक होता. दुसरा छातीतून आला. बाईंची खुर्ची दाराला टेकलेली होतीच, ती आता दाराबाहेर गेली.

"काका, बरं नाही का?"

"घसा आहे. महिनाभर राबवतोय त्याला. तलवार वापरली की झिजायचीच."

"ताप बघितलात?"

"बाळ, हा आवाज मला एकतीस वर्षं ओळखतो. मला कळत नाही का त्याला काय झालंय?"

त्या दिवशी खर्जाने एक युक्ती काढली. खोकला येतोय असे वाटले की अंगठ्याने माइक बंद करायचा, दुसऱ्या हाताने घंटी वाजवायची, तेवढ्यात खोकून घ्यायचे आणि पुन्हा माइक चालू करायचा. कर्ण्यातून आपला आवाज आला की पुढची ओळ. बाहेरच्याला वाटावे, मुद्दामच मध्ये घंटी घातली आहे. लोकांना ते आवडलेसुद्धा. बाई दुपारी खाली डबा खात बसल्या होत्या, तेव्हा वरून आले, "ताप असो वा, टिंग-टाँग, टिंग-टाँग, खोकला, टिंग-टाँग, घरीच माणूस, टिंग-टाँग, शोभला." शेजारच्या बाकावरचा माणूस बायकोला म्हणाला, आता म्युझिकपण टाकलंय बघ.

बाईंच्या हातातला घास हातातच राहिला. सकाळी एका फेरीत चार घंट्या होत्या, आता अकरा झाल्या होत्या. तो माणूस हजारो लोकांना पाचवा आणि सहावा नियम सांगत होता आणि त्याच श्वासात दोन्ही मोडत होता. हा श्वास त्या बंद खोलीत साठत होता, तिथे अजून चार तास त्यांची पाळी होती आणि पाळी संपली की त्या टिकलीला पोटाशी घेणार होत्या.

त्या तशाच उठून मॅनेजरकडे गेल्या.

मॅनेजर भला माणूस होता. म्हणजे कोणालाही नाही म्हणता येत नसल्यामुळे तो काहीच करत नसे. त्याने सगळे ऐकून घेतले, दोनदा च्यक् केले आणि म्हणाला, "शुक्रवारपर्यंत कळ काढा."

"साहेब, ते आजारी आहेत. त्यांना घरी पाठवा. निदान तपासणी तरी करून घ्या."

"आणि निकाल वाईट आला म्हणजे? सत्कार कोणाचा करायचा, माइकचा? पंचवीस वर्षांत या स्थानकाला पहिल्यांदा काहीतरी मिळतंय, बाई. चार दिवसांचा प्रश्न आहे."

"माझी मुलगी..."

"मला माहितीये ना. मलाही मुलं आहेत. तुम्ही एक करा, श्वास जरा बेताने घ्या."

हे तो थट्टेने म्हणाला नाही. त्याला तो खरोखरच उपाय वाटला. बाईंनी रजा मागितली, तर दुसरे कोणी माणूस नाही म्हणून तीही शुक्रवारनंतरच मिळणार होती. नोकरी सोडून द्यावी असे क्षणभर वाटले, पण टिकलीची औषधे याच नोकरीच्या कार्डावर मिळत होती.

त्या जिन्यात उभ्या राहिल्या आणि सासूबाईंना फोन लावला.

"आई, मी आजपासून घरी येत नाही. लेडी कंडक्टरांची विश्रांतीची खोली रिकामी आहे, तिथेच राहते."

"काय झालं तुला?"

"मला काही नाही. शेजारचा खोकतोय."

"कोण, तो नाक झाकावाला?"

"तोच."

"मेल्याचं नाक दाबून धरायला हवं होतं कोणीतरी," सासूबाई म्हणाल्या. "तू पोरीची काळजी करू नकोस. कपडे पाठवू का?"

मागून टिकलीचा आवाज आला, आईचा फोन आहे का, आई किती वाजता येणार. सासूबाईंनी फोन तिच्याकडे दिला नाही. बरेच केले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वायरमनला गाठले. हा स्थानकाचा जुना माणूस, दोन वर्षांत निवृत्त होणारा, कानामागे कायम टेस्टर खोचलेला. बाई सोडल्या तर मास्क व्यवस्थित नाकावर असलेला स्थानकातला हा एकटाच, आणि त्याला ते पद्य मुळीच पाठ नव्हते.

"शिट्टी न वाजता खिडकी उघडता येईल असं काही करता येतं का हो? काका म्हणतात ते शास्त्र आहे."

वायरमन इतका हसला की टेस्टर खाली पडला.

"कसलं शास्त्र? कर्ण्याचं तोंड खोलीकडे आहे म्हणून शिट्टी वाजते. फलाटाकडे फिरवा, वाजणार नाही. आधी फलाटाकडेच होतं."

"मग इकडे कोणी फिरवलं?"

"मीच. बारा वर्षं झाली. हा तीन दिवस माझ्यामागे लागला होता. म्हणायचा, सगळं जग माझा आवाज ऐकतं, मलाच तेवढा ऐकू येत नाही. कटकट नको म्हणून फिरवून टाकला. पलीकडच्या दोन फलाटांवरचे लोक तेव्हापासून काही ऐकू येत नाही म्हणून तक्रार करतायत. त्यांना सांगतो, बॅटरी डाऊन आहे."

बाईंना आधी ते कळलेच नाही. मग कळले. बारा वर्षे ती खिडकी बंद होती ती या माणसाला स्वतःचा आवाज ऐकायचा होता म्हणून. चौथा नियम गाळला तोही यमकासाठी नव्हे; वाचला असता तर कोणीतरी मान वर करून या खिडकीकडे बघितले असते.

"किती वेळ लागतो फिरवायला?"

"दोन नट आहेत. पण मॅनेजरची चिठ्ठी लागेल."

"मॅनेजर शुक्रवारनंतर देतील."

वायरमनने त्यांच्याकडे बघितले. "तुमच्या त्या बारक्या पोरीला दम लागतो ना?" त्याने खाली पडलेला टेस्टर उचलला. "शुक्रवारी बाराला तो जेवायला जाईल तेव्हा. आत्ताच गंज काढायचं तेल सोडून ठेवतो, दोन दिवस मुरायला लागेल."

बुधवार, गुरुवार बाई दाराबाहेर जिन्याच्या कठड्याला टेकून नोंदवही लिहीत राहिल्या. गाडीचा आकडा कागदावर लिहून दारातून आत सरकवायच्या. खर्जाला तो अपमान वाटला. "माणसाला माणसाचा विटाळ व्हायला लागला," तो माइक बंद असताना खास निवेदनाच्या सुरात म्हणाला आणि मग बराच वेळ खोकत राहिला. गुरुवारी संध्याकाळी एका फेरीत एकतीस घंट्या वाजल्या. एक प्रवासी चौकशीच्या खिडकीवर विचारून गेला, की घंटी बिघडली आहे का.

शुक्रवारी खर्ज इस्त्रीचे कपडे घालून आला. डोळे लाल, गालांवर तापाची तकाकी. मॅनेजर म्हणाला, काय तेज आहे चेहऱ्यावर. बारा वाजता तो जेवायला उतरला. तीन कंडक्टरांच्या मध्ये बसून, गुडघ्याला गुडघा लावून त्याने डबा खाल्ला आणि चार हातांचे अंतर ही ओळ आपल्याला कशी सुचली ते सांगितले. आग्रह करकरून आपल्याच चमच्याने तिघांना वाढले.

वर वायरमन शिडीवर चढला होता, बाईंनी शिडी धरली होती. दोन नट सुटले. कर्णा कुरकुरत फलाटाकडे वळला. मग वायरमनने खिडकीच्या कडांचा फोम ओढून काढला आणि तावदान खाचेतून उचलून अलगद बाहेर घेतले. बारा वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत वारा आला आणि नोंदवहीची पाने फडफडली.

"याचं काय करू?" त्याने तावदान पुढे केले.

"द्या माझ्याकडे," बाई म्हणाल्या.

एक वाजायला पाच मिनिटे असताना खाली अधिकारी आले. पुष्पगुच्छ, प्रमाणपत्र, फोटोवाला. ठरले असे होते, की आधी निवेदकाने वरून पद्य म्हणायचे, अधिकाऱ्यांनी ते लोकांमध्ये उभे राहून ऐकायचे आणि मग खाली सत्कार. खर्ज घाईघाईने वर आला, उघड्या खिडकीकडे बघून थबकला.

"हे काय? तावदान कुठे गेलं?"

"शिट्टी वाजणार नाही, काका," बाई दारातून म्हणाल्या. "बोला तुम्ही."

वाद घालायला वेळ नव्हता. त्याने बसून अंगठ्याने बटण ढकलले आणि पोटातून सूर काढला. "नागरिकहो."

काहीच ऐकू आले नाही. म्हणजे त्याला. कर्णा फलाटाकडे बोलत होता आणि खाली ते नागरिकहो लख्ख पोचले होते. पण बारा वर्षे परत येणारा आवाज आज परत आला नाही, म्हणून त्याने धरून चालले की माइक बंद आहे. त्याने बटण पुन्हा ढकलले. आता तो खरोखर बंद झाला. "नाक झाका, तोंड झाका," तो बंद माइकमध्ये म्हणाला. खाली अधिकारी मान कलती करून वाट बघत राहिले. पुन्हा शांतता, म्हणून पुन्हा बटण. आता माइक चालू, आणि नेमकी त्याच वेळी उबळ आली. माइक बंदच आहे, या विश्वासाने खर्जाने घंटी वगैरे काही न वाजवता मोकळेपणाने खोकून घेतले.

तो खोकला सगळ्या फलाटांवर पोचला. पलीकडच्या दोन फलाटांवरसुद्धा, जिथे बारा वर्षे काही ऐकू आले नव्हते. ओला, खोल, छातीच्या तळापासून खरवडून काढलेला, थांबतोय असे वाटावे आणि पुन्हा सुरू व्हावा असा. मध्ये दम घेतानाची घरघर ऐकू आली. मग एक "अयाई गं" आले, अगदी साध्या, घरच्या आवाजात. एकतीस वर्षांत त्या माणसाचा खरा आवाज स्थानकाने ऐकला तो तेवढाच. बाईंना क्षणभर त्याची कीव आली. मग त्याने कोपराऐवजी हाताच्या तळव्यात खोकून तो हात त्यांच्या नोंदवहीला पुसला, आणि कीव गेली.

मग त्यांनी खाली बघितले. सगळे स्थानक थांबले होते. आणि कोणीही काही न सांगता, एकही यमक न जुळवता, शेकडो हात वर गेले. हनुवटीवरचे मास्क नाकावर आले. कपाळावरचे खाली उतरले. फळवाल्याने खिसे चाचपले आणि काही सापडेना तेव्हा सदऱ्याची बाही नाकाला धरली. कंडक्टरने जिभेकडे नेलेला अंगठा हवेतच थांबवला. खर्जासोबत जेवलेल्यांपैकी दोघे मटकन बाकावर बसले. पुष्पगुच्छवाले अधिकारी दोन पावले मागे सरले, मग आणखी दोन, आणि मग गाडीत जाऊन बसले. काचा मात्र त्यांनी वर करून घेतल्या. नियम त्यांनीच काढले होते, वाचले असतील असे नाही.

बाईंनी दारातून हात लांब करून माइक आपल्याकडे ओढला. मास्क काढला नाही. आवाज जरा दबला, पण समजत होता.

"आरोग्य खात्याचा चौथा नियम," त्या म्हणाल्या. "बंद खोलीत एकत्र बसू नका. बसावेच लागले तर खिडक्या सतत उघड्या ठेवा. हा नियम महिनाभर वाचायचा राहिला होता."

शनिवारी तपासणी झाली. खर्जाला तो आजार होता, तीन कंडक्टरांपैकी दोघांना झाला, मॅनेजरला झाला. रविवारी बाईंनाही निघाला. त्या विश्रांतीच्या खोलीत अकरा दिवस एकट्या राहिल्या, अंग ठणकत होते, चव गेली होती. वायरमन दारात पेज ठेवून जायचा. रोज संध्याकाळी टिकली फोनवर शंभरपर्यंत आकडे म्हणून दाखवायची. तिला वाटायचे, आई अभ्यास घेते आहे. बाई डोळे मिटून आकड्यांच्या मधला श्वास ऐकायच्या. अकरा दिवस तो स्वच्छ होता. बाराव्या दिवशी त्या घरी गेल्या, दारातच टिकलीने मिठी मारली आणि सासूबाई म्हणाल्या, "आधी अंघोळ," आणि मग स्वतःच तोंड फिरवून आत गेल्या.

खर्ज महिन्याने परतला. बारीक झाला होता, मस्ती तेवढीच होती. तोवर मास्क पुन्हा हनुवट्यांवर उतरले होते. धास्ती दहा दिवस टिकली. त्याने सगळ्यांना सांगितले, की तो खोकला मुद्दाम होता, प्रात्यक्षिक म्हणून. फळवाल्याला ते पटलेसुद्धा. मॅनेजरने सत्काराची नवी तारीख मिळते का बघतो म्हणून शब्द दिला.

मग खर्ज वर आला आणि खुर्चीत बसला. वाऱ्याने त्याचे केस विस्कटले.

"बाळ, तावदान बसवून घे. आणि त्या वायरमनला बोलाव, कर्णा फिरवायला."

"वायरमन म्हणतात, नट आता गंजले," बाई म्हणाल्या. "तावदान कोठीत आहे. चिठ्ठी लावून ठेवलंय."

"मग आण ना."

"असं नाही देता येत, काका. तुम्हाला नियम माहितीये. मालकाने फॉर्म भरायचा. वस्तू कुठे, कधी आणि कशी गेली, ते स्वतःच्या अक्षरात लिहायचं. त्या वेळी आपण काय करत होतो, तेही. खाली सही."

त्यांनी कोरा फॉर्म त्याच्यापुढे ठेवला आणि वर पेन ठेवले. त्याने पेन उचलले, तारखेच्या रकान्यावर टेकवले आणि परत ठेवले. यमक जुळवायला त्याला दोन तास पुरले होते. हे मात्र अजून लिहून झालेले नाही.

तावदान कोठीतच आहे, तिसऱ्या फळीवर, छत्र्या आणि कवळीच्या मध्ये.